ग्लेझिंगचं दोन दिवसांचं वर्कशॉप : शिकायला भरपूर, फक्त मास्क घरून न्या

दोन वर्षं झाली, मी परभणीत घरीच हाताने भांडी करतेय, चाक नाही माझ्याकडे, नुसत्या वळ्या घालून आणि थापून, आणि मग कुंभारमामांच्या आव्यात भाजून घेते. भांडी छान लाल निघतात पण पाणी झिरपतं. माठाला ते चांगलंच, झिरपतं म्हणून तर पाणी गार होतं, पण चहाच्या कपाला कसं चालेल? म्हणून संभाजीनगरला एका छोट्या पॉटरी स्टुडिओत शनिवार-रविवार ग्लेझिंग, म्हणजे भांड्यावर चकचकीत थर द्यायला, शिकवतात हे कळलं तेव्हा लगेच ३२०० रुपये भरले आणि मराठवाडा एक्सप्रेस धरली. त्यात माती, ग्लेझ, दोन्ही वेळची भाजणी आणि दुपारचं जेवण, सगळं आलं. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, एकदम घरच्यासारखं.

शिकवणारे सर धाराशिवकडचे, कुंभाराच्याच घरातले, नंतर बाहेर शिकून आलेले. बोलायला एकदम मोकळे. सुरुवातीलाच म्हणाले, "ताई, ह्याला रंग म्हणू नका, ही काच हाय. भट्टीत वितळती अन् भांड्याला धरून बसती." हे एक वाक्य डोक्यात बसलं आणि पुढचं सगळं सोपं झालं, कारण मी आजपर्यंत ग्लेझला ऑइलपेंटसारखंच समजत होते. काच जिच्यापासून होते ती नुसती सिलिका वितळायला १७०० डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, तेवढं कुठली छोटी भट्टी देणार, म्हणून तिला लवकर वितळवणारं फ्लक्स घालायचं, आणि वितळून खाली ओघळू नये म्हणून धरून ठेवायला अॅल्युमिना, तो मातीतनंच येतो. या तिघांचं गणित म्हणजे ग्लेझ, रंग त्याच्यावर येतो. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, लोखंडाने मधासारख्या तपकिरीपासून थेट काळ्यापर्यंत. आणि बादलीत दिसतो तो रंग कधीच खरा नसतो! फिकट जांभळट दिसणारं ग्लेझ भट्टीतनं गडद निळं होऊन येतं, पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडली ती त्यांची भिंत. पूर्ण भिंतभर छोट्या छोट्या टेस्ट टाइल्स टांगलेल्या, प्रत्येकीच्या मागे नंबर, आणि त्या नंबरची सगळी मापं एका जाड वहीत. कोणतं ग्लेझ कशावर दिलं, किती जाड, एक बुडी की दोन, भट्टीत वरच्या फळीवर होतं का खालच्या, सगळं लिहिलेलं, बिघडलेल्या टाइल्ससुद्धा टांगलेल्या. आणि ती वही आम्हाला उतरवून घेऊ दिली. मी ऐकलंय की बरेच लोक आपली रेसिपी कुणाला दाखवत नाहीत, इथे सरांनी स्वतः समजावून दिली. माझ्यासाठी फीचे पैसे तिथेच वसूल झाले, कारण नक्षी यूट्यूबवर बघून जमते हो, पण दोन ग्लेझ जिथे एकमेकांवर येतात तिथे मिश्रण लवकर वितळून का ओघळतं, हे टाइल समोर धरल्याशिवाय कळत नाही.

शनिवारी अर्धवट वाळलेल्या भांड्यांवर काम केलं, म्हणजे नखाने दाबलं तर किंचित खूण उठते एवढी वाळलेली. त्याच्यावर काळ्या मातीसारखा दिसणारा पातळ लेप, त्याला स्लिप म्हणतात, आणि मग टोकदार खिळ्याने कोरून खालची पांढरी माती उघडी करायची. मी पैठणीच्या पदरावरचा मोर काढायला गेले, पिसारा फार बारीक काढला, सर म्हणाले रेघ जरा रुंद ठेवा, वरून ग्लेझ आलं की बारीक रेघ भरून जाते. तसंच झालं. स्लिप पिचकारीसारख्या बाटलीतनं सोडून उठावाची नक्षी काढायची तीही शिकवली, जिला मेंदीचा कोन धरता येतो तिला ती पाच मिनिटांत जमते.

रविवारी आधीच एकदा भाजलेल्या भांड्यांना ग्लेझ. ती भांडी कोरडी आणि शोषून घेणारी असतात, बुडवलं की पाणी आत ओढलं जातं आणि पावडरीचा थर बाहेर बसतो, त्यामुळे बादलीत दोन-तीन सेकंदच. नक्षी राखायला आधी मेणाने चितारायचं, मेणावर ग्लेझ धरत नाही आणि मेण भट्टीत जळून जातं. बूड ओल्या स्पंजने स्वच्छ पुसायचं, नाहीतर वितळलेली काच भट्टीच्या फळीला चिकटते आणि भांडं जातं, फळीही जाते.

मी आपली परभणीची भांडी घेऊन गेले होते ती मात्र सरांनी भट्टीत घेतली नाहीत. त्यांची भट्टी १२२० डिग्रीला जाते आणि आव्यातली आपली माती तेवढ्यात वाकते नाहीतर वितळते. वाईट वाटलं पण पटलं. कमी तापमानाच्या ग्लेझची सोय त्यांनी करावी असं मनापासून वाटतं, मराठवाड्यातल्या कुंभारांना खरा उपयोग त्याचाच होईल.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातली चकचकीत खापरं आहेत, मी त्यांना आजवर ग्लेझ समजायचे, ती चमक बारीक स्लिपची आणि घोटाईची असते हे इथे कळलं. गोरोबाकाकांच्या गावची माती, एवढी चमक नुसत्या घोटून! याउलट दौलताबादच्या चिनी महालाला नावच त्याच्या निळ्या ग्लेझच्या टाइल्सवरून पडलं, जिथे १६८७ नंतर गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह कैदेत होता. आता पुन्हा गेले की आधी त्या टाइल्स बघणार.

तक्रारी दोन. एक गंभीर आहे. कोरडी पावडर त्याच खोलीत मिसळत होते, आम्ही चौदा जण आत, खिडकी एक, आणि मास्क कुणालाच नाही. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. मी बोलले तेव्हा सरांनी लगेच पावडर अंगणात हलवली आणि रविवारी मास्क आणले, पण हे आधीपासून हवं होतं, त्यांचा मदतनीस मुलगा तर रोज त्या धुळीत असतो. तुम्ही जाणार असाल तर एन-९५ घेऊन जा, साधा कापडी चालत नाही. दुसरी तक्रार, दहा दिवसांत देतो म्हणाले आणि भांडी आली २६ दिवसांनी, तीही दोनदा फोन केल्यावर.

आलेल्या पाच भांड्यांपैकी मोराची बशी बरी, पिसारा थोडा पुसट. दोन कप उत्तम, वरून पांढरं आणि खाली निळं, मधे जिथे मिसळलंय तिथे पावसाळ्यातल्या आभाळासारखा रंग. चौथ्याचं ग्लेझ जाड झालं आणि बुडाशी थेंब गोठलाय, तो घासून काढला. पाचवा वाडगा तड्यांच्या ग्लेझचा, म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि त्याला बारीक भेगांचं जाळं पडतं, मी त्यात काळा चहा भरून रात्रभर ठेवला, रेषा तपकिरी झाल्या, काय सुंदर दिसतोय. त्यात खायचं मात्र काही ठेवत नाही, भेगांत अन्न अडकतं. लोणच्यासाठी बाहेरनं स्वस्त ग्लेझची बरणी घेत असाल तरी विचारून घ्या शिसं नाही ना, आंबटात ते उतरतं आणि डोळ्यांना कळत नाही, लॅबमधेच कळतं. या स्टुडिओत शिशाचं काही वापरत नाहीत, सरांनी वहीतली मापं दाखवली.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, मी वहिनीला घेऊन जाणार आहे. या वेळी भांडी घरूनच करून नेणार, पण त्यांच्याच मातीची, १० किलोची गोणी आत्ताच आणून ठेवलीय.