जुनं पेजमेकर: सेटिंग सुधारायचं, एक्सपी सांभाळायची की घरच बदलायचं?

पेजमेकर हे पुस्तकांची पानं मांडायचं अडोबीचं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची आवृत्ती, पेजमेकर ७, आली २००१ साली. पुढे अडोबीने सगळं लक्ष इनडिझाइन या त्याच कामाच्या नव्या सॉफ्टवेअरवर दिलं आणि हे तिथेच थांबलं. तरी जुन्या पुस्तकांच्या फाइली सांभाळणाऱ्या छापखान्यांत ते अजून उघडतं. मशीन बदललं, नवं विंडोज आलं की तक्रारी सुरू होतात: चित्रांच्या जागी करडे चौकोन, स्क्रोल केलं की मागे उरणाऱ्या रेघा, धूसर अक्षरं, मधूनच गायब झालेला एखादा रफार.

मार्ग तीन आहेत: सेटिंग सुधारणं, जुनी विंडोज एक्सपी सांभाळून त्यात पेजमेकर चालवणं, नाहीतर फाइली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणं. पण निवडण्याआधी बिघडलेलं दिसणारं पान लेसर प्रिंटरवर छापून बघा. कागदावर सगळं जागच्या जागी असेल तर फाइल ठणठणीत आहे, दुखणं फक्त पडद्याचं आहे. तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलू नका.

पडद्याचं दुखणं बहुधा फुकटात बरं होतं. करडे चौकोन तर अनेकदा बिघाड नसतातच. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स डिस्प्लेला ग्रे आउट, स्टँडर्ड आणि हाय रिझोल्यूशन असे तीन पर्याय असतात. मेमरी महाग होती तेव्हा पान पटकन हलावं म्हणून ग्रे आउट ठेवलं जायचं आणि ते तसंच राहून जातं. हाय रिझोल्यूशन करूनही चौकोन हटत नसेल तर ते चित्र प्रीव्ह्यूशिवाय, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या नमुन्याशिवाय, सेव्ह केलेली ईपीएस फाइल असण्याची शक्यता मोठी. पोस्टस्क्रिप्ट (ईपीएसची मूळ भाषा) समजणाऱ्या प्रिंटरवर ती नीट छापते. बारीक मजकुराऐवजी पट्ट्या दिसत असतील तर त्याच खिडकीतला ‘ग्रीक टेक्स्ट बिलो’चा आकडा कमी करा. धूसरपणासाठी पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी, मग हाय डीपीआय सेटिंग्ज असं जा आणि तिथे ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडून बघा. पॅलेट वेडेवाकडे झाले तर नुसतं ‘सिस्टिम’. रेघांवर मात्र हमखास औषध नाही. हार्डवेअर अॅक्सिलरेशन कमी करा, हा जुना सल्ला एक्सपीच्या काळातला. ती सरकपट्टी आता सापडत नाही. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नवा करावा, कंपॅटिबिलिटीतच रंग १६ बिटवर आणून बघावेत, नाहीतर रेघांसकट काम करावं.

दुसरा मार्ग म्हणजे व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सपी बसवून पेजमेकर तिथे चालवणं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट, एक्सपीचं लायसन्स मात्र तुमचं हवं. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार काढून घेतला, तेव्हा आतलं इंटरनेट बंदच ठेवा. पेजमेकर ५च्या काळातल्या १६ बिट सॉफ्टवेअरसाठी तर हाच सोयीचा मार्ग, कारण ६४ बिट विंडोज ते स्वतःहून चालवत नाही. खरा फायदा वेगळाच आहे. डॉक्युमेंट सेटअपमध्ये ‘कंपोझ टू प्रिंटर’ असतं. तिथला प्रिंटर बदलला की ओळी तुटण्याच्या जागा बदलू शकतात आणि पान पुढे सरकतं. जुन्या एक्सपीत तोच प्रिंटर, तेच फाँट ठेवले की जुनी पानं जशीच्या तशी राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अडचण लॉकची, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला जोडावा लागतो त्या छोट्या तुकड्याची. फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक यूएसबीचं असेल तर आत जोडता येतं, प्रिंटर पोर्टचं असेल तर डोकेदुखी.

तिसरा मार्ग घर बदलण्याचा, आणि लोक इथेच घाई करतात. इनडिझाइन पेजमेकर ६ आणि ७च्या फाइली सीएस६पर्यंतच उघडतं, त्यापुढच्या सीसी आवृत्त्या नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ ४.४पासून त्या उघडतं खरं, पण मांडणी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. फाइल उघडली तरी मजकूर जुन्या फाँटचाच. त्यात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या खान्यांत बसवलेले असतात, आणि सॉफ्ट हायफनसारख्या खान्यातला आकार नवं सॉफ्टवेअर दाखवेलच असं नाही. आकार तिथेही हरवू शकतात. त्यात अडोबीने जानेवारी २०२३पासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ हे जुन्या प्रकारचे फाँट चालणं बंद केलं. म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा खाना देणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलणं आलं, आणि बदल म्हणजे पहिल्या पानापासून पुन्हा प्रूफ. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जोडणारी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही सेटिंग लावायला विसरलात तर पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसते, ते वेगळंच.

चार दुरुस्त्या करून जुनं पुस्तक पुन्हा छापायचं असेल तर मी डोळे मिटून एक्सपी घेईन. दोनशे पानांचं प्रूफ पुन्हा वाचण्याची मजुरी त्या कामात निघत नाही. महिन्याकाठी एखादी जुनी लग्नपत्रिका काढायची तर सेटिंग पुरे. नव्या पुस्तकासाठी मात्र पेजमेकर उघडू नका. वर्गणी परवडत असेल तर इनडिझाइन, नसेल तर स्क्रायबस १.६ हे पानं मांडायचं दुसरं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे आणि जोडाक्षरं नीट जोडतं. जुन्या फाइली सगळ्या एकदम बदलून ठेवायची गरज नाही. ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल, तेवढंच बदला.