गोरीचे स्टालिन संग्रहालय: देखणी मांडणी, अपुरा हिशेब

जॉर्जियातील गोरी या स्टालिनच्या जन्मगावी असलेले हे संग्रहालय १९५७ साली त्याच्या नावाने खुले झाले, म्हणजे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या गुन्ह्यांचा पाढा वाचल्याला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. मॉस्को ज्या प्रतिमेपासून अंग काढून घेत होते, ती येथे आजही जवळपास अखंड पाहायला मिळते आणि माझ्या मते हेच या वास्तूचे खरे मोल आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो आवारातील जन्मघराला. मोचीकाम करणारे वडील येथे भाड्याच्या एका खोलीत संसार करत. भोवतालची वस्ती हटवून हे एकच घर राखले गेले आणि १९३०च्या दशकात, स्टालिनच्या हयातीतच, त्यावर खांबांचा भव्य मंडप चढवला गेला. त्यामुळे ते झोपडीवजा घर गाभाऱ्यासारखे भासते आणि एकही फलक वाचण्याआधी पाहणाऱ्याच्या मनात भक्तिभाव पेरला जातो. प्रचाराची इतकी परिणामकारक रचना क्वचितच दिसते.

आतील दालनांत चढत्या क्रमाची एकच कथा आहे: १८९५मध्ये ‘इवेरिया’ या जॉर्जियन वृत्तपत्रात छापून आलेल्या कविता, भूमिगत चळवळ, क्रांती, महायुद्धातील विजय आणि शेवटी खांबांच्या वर्तुळात, मंद उजेडात ठेवलेला मृत्यूनंतरचा मुखवटा. १९३२-३३च्या दुष्काळात अन्नावाचून मेलेले लाखो लोक आणि १९३७-३८ या दोन वर्षांत गोळ्या घातलेले सुमारे ६ लाख ८० हजार या कथेत कुठेच बसत नाहीत. दडपशाहीसाठी तळमजल्यावर एक छोटी खोली नंतर जोडली गेली, पण मुख्य मांडणीला धक्का लागला नाही. बाहेर उभा असलेला स्टालिनचा खासगी रेल्वे-डबा शौकिनांनी पाहावा.

२००८च्या रशिया-जॉर्जिया युद्धानंतर येथे रशियन आक्रमणाचे संग्रहालय करण्याची घोषणा सांस्कृतिक मंत्र्यांनी केली होती आणि जून २०१०मध्ये गावातील चौकातला पुतळाही हलवला गेला. मात्र २०१२मध्ये गोरीच्या नगरसभेने संग्रहालयाचा तो नियोजित बदल रद्द ठरवला. सरकार बदलले की मेलेल्या माणसाचे चरित्रही बदलायला काढले जाते, ही गोष्ट मला मूळ मांडणीइतकीच अस्वस्थ करते.

संग्रहालय अवश्य पाहावे, पण त्या काळाविषयी थोडे वाचून जावे आणि तळमजल्यावरची खोली आधी पाहून मगच जिना चढावा.