हॉबिट, नार्निया, पॉटर की अर्थसी : मुलासाठी आधी कोणतं घ्यावं?

खपावरून ठरवू नका. 'हॅरी पॉटर' इतकं खपलं की २००० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ला बालपुस्तकांची वेगळी यादी काढावी लागली. त्याच वर्षी समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी पॉटरला साफ मोडीत काढलं. त्यापेक्षा पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना हाती काही नवं लागतं का, ते पाहावं.

या कसोटीवर पॉटर वाटतो तितका फिका नाही. भाषा सपाट आहे, पण वीण घट्ट. पहिल्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात हॅग्रिड हा धिप्पाड माणूस उडती मोटारसायकल घेऊन येतो आणि ती सिरियस ब्लॅकने दिली, असं जाता जाता सांगतो. हा ब्लॅक पुढे थेट तिसऱ्या भागात कळीचा ठरतो. दुसऱ्यांदा वाचणारं मूल अशा जागा हुडकत बसतं. अडचण चौथ्या भागापासून आहे : पुस्तकं जाडजूड होतात (पाचव्यात ३८ प्रकरणं) आणि जवळची माणसं मरू लागतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी सातांचा संच घेण्याची घाई नको, पहिले तीन पुरेत.

जादूगारांची शाळा अर्सुला ले ग्विनने १९६८ मध्येच 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त उभारली होती. अवघी दहा प्रकरणं. तांबूस-तपकिरी वर्णाचा गेड घमेंडीपायी एक सावली मोकळी सोडतो आणि मग तीच त्याच्या मागे लागते. बाहेरचा खलनायक लागतच नाही. साहित्य म्हणून चौघांत हेच सरस, पण संवाद कमी आणि विनोद जवळजवळ नाही. बाराच्या आतलं मूल बहुधा अर्ध्यात सोडतं.

मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर 'हॉबिट'च (१९३७). लेखक टोल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुनी इंग्रजी शिकवायचे; बुटक्यांची नावं जुन्या नॉर्स काव्यातली आहेत, आणि ड्रॅगनच्या खजिन्यातला पेला चोरण्याची कल्पना 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात सापडते. एकोणीस प्रकरणं, एकेकाला अर्धा-पाऊण तास. पाचव्या प्रकरणात कोड्यांचा सामना आहे, तिथे उत्तराआधी थांबा आणि मुलांना डोकं लढवू द्या. आपल्याच पुढच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'शी इथल्या अंगठीची कथा जुळावी म्हणून हेच प्रकरण लेखकाने १९५१च्या आवृत्तीत बदललं.

सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेबाबत एकच सूचना. हल्लीच्या संचांवर १ हा आकडा 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर असतो, पण ते पुस्तक प्रकाशनक्रमाने सहावं, १९५५ सालचं. सुरुवात १९५०च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'ने करा. नाहीतर बर्फातला तो एकटा दिव्याचा खांब तिथे कसा, हे आधीच कळतं आणि गंमत जाते.

मुंबईत फोर्टच्या पदपथावर पुस्तकं घेताना कमी किमतीला भुलू नका. चोरट्या छपाईत एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) गायब असतो किंवा दोनदा शिवलेला असतो, म्हणून पृष्ठांक सलग आहेत का ते चाळून बघा. 'हॉबिट' आणि 'अर्थसी'चे नकाशे आधी उघडा : फोटोकॉपीवरून छापलेल्या प्रतीत रेषा एकमेकींत मिसळतात, आणि 'हॉबिट'मधल्या थ्रोरच्या नकाशावरची रून ही प्राचीन लिपी मुलांना उलगडताच येत नाही. पावसाळ्यात पाठीकडचा डिंकही तपासा. ओल लागली असेल तर मधली पानं पहिल्या आठवड्यातच हातात येतात.