कॅम्पिंग ट्रेलरच्या पाण्याच्या पंपाचा आवाज : आधी मऊ पाईप घ्या, मग ॲक्युम्युलेटर

आधी रेटिंग देऊन टाकतो. पंपाला जोडायच्या जाळीदार मऊ पाईपची जी किट मिळते ना, सायलेन्सिंग किट म्हणून, तिला 5 पैकी 5. शुरफ्लो कंपनीचा 182-200 ॲक्युम्युलेटर टँक, म्हणजे पंपाचे ठोके झेलणारी छोटी टाकी, तिला 5 पैकी 4. टँकमध्ये खोट काही नाही, जे काम त्याचं आहे ते तो चोख करतो, पण बहुतेक लोक आवाज बंद करायचा म्हणून आधी तोच घेतात, आणि आवाज मुळात दुसरीकडूनच येत असतो.

आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, 24 फुटी, जुना घेतलेला, कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून इकडेतिकडे नेतो. त्यात शुरफ्लोचाच 4008 पंप आहे, 12 व्होल्टचा, मिनिटाला 3 गॅलन, पाण्याचा दाब 55 पीएसआय झाला की बंद होतो. पंप एकदम चांगला आहे, पण ट्रेलर बनवणाऱ्यांनी तो डायनेटच्या (जेवायच्या टेबलाची जागा, रात्री तिचाच बेड होतो) सीटखाली पातळ प्लायवर करकचून स्क्रू मारून बसवलेला. फुल हूकअपच्या, म्हणजे नळ, वीज, ड्रेनेज सगळं जोडून मिळतं अशा कॅम्पसाईटवर हे कधी कळतच नाही कारण तिथे नळाचं पाणी थेट प्रेशरने येतं, पंप लागतच नाही. योसेमिटी नॅशनल पार्कच्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राऊंडमध्ये मात्र हूकअप नाहीत, ट्रेलरच्या टँकमधलं पाणी आणि पंप एवढंच, आणि रात्री 10 ते सकाळी 6 क्वाएट अवर्स, म्हणजे आवाज करायचा नाही. आई-बाबा सांगलीहून आले होते तेव्हा त्यांना डायनेटचा बेड दिला होता, म्हणजे पंपाच्या बरोब्बर वर. बाबा पहाटे चारला उठणारे. आपण नळ सोडला की सगळे जागे होतात म्हणून टॉर्च घेऊन अंधारात बाहेरच्या रेस्टरूमला जायला लागले, तेही अस्वलांच्या जंगलात! म्हटलं आता हे आधी करायचं.

हे पंप डायफ्रॅमचे असतात. आपल्याकडे शेतात बॅटरीवरचा फवारणीचा पंप असतो ना, त्यातही असाच छोटा 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप असतो. पाणी सलग न येता ठोक्याठोक्याने येतं, आणि प्रत्येक ठोक्याला पंप थोडा थरथरतो. एवढ्याने फार आवाज होत नाही. पण तो पातळ प्लायला घट्ट बसवला की अख्खी सीट ढोलासारखी वाजते, आणि पंपाला थेट पेक्सचा (प्लॅस्टिकचा) कडक पाईप जोडलेला असला की तीच थरथर पाईपमधून सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीत, सगळीकडे पोचते. पाईप जिथे जिथे लाकडाला टेकतो तिथे तिथे खडखड.

म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी एक टेस्ट करा, फुकटची आहे. पंपाचे स्क्रू काढा, पाईप देतील तेवढा उचला, खाली टॉवेलची जाड घडी सरकवा आणि कोणालातरी नळ सोडायला सांगा. आवाज एकदम उतरला तर दोष बैठकीचा. फार फरक नाही पडला तर पंप चालू असतानाच पाईपवर हात फिरवत जा, हाताने दाबल्यावर जिथे खडखड थांबते ती जागा पेनने मार्क करा. आमच्याकडे दोन्ही होतं.

मग मऊ पाईप. पंपाच्या दोन्ही तोंडांना, म्हणजे पाण्याच्या टँककडून येणाऱ्या बाजूलाही आणि नळाकडे जाणाऱ्या बाजूलाही, अर्धा इंची जाळीदार लवचिक पाईप, एक ते दीड फूट तरी हवा, आणि तो ताणून न लावता सैल वळण देऊन लावायचा, नाहीतर उपयोग शून्य. टँककडच्या बाजूला साधा पातळ पाईप चालत नाही, पंप पाणी ओढतो तेव्हा तो चपटा होतो. त्याच बाजूला कुठे बारीक हवा खेचली जात असेल तर पंप फुरफुरतो आणि आवाज उलट वाढतो, गाळणीचं झाकणही त्यासाठी तपासा, आणि गाळणी काढून टाकू नका. पंपाच्या फिरत्या प्लॅस्टिक नटला हाताने आवळा, पाना नको, टेप पण नको, आतली सील पुरेशी असते.

पंपाचे रबरी पाय हा तर अगदीच फुकटचा इलाज आहे. स्क्रू इतका आवळतात की रबर पार चेपून जातं, मग ते असून नसल्यासारखंच. स्क्रू टेकला की थांबायचं, रबर फुगीर दिसलं पाहिजे. आम्ही खाली पाऊण इंची प्लायचा तुकडा आणि त्याच्याखाली जाड रबराची शीट टाकली. मार्क केलेल्या जागी पाईपवर फोमची नळी चढवून क्लॅम्प मारले. एवढं सगळं एका दुपारचं काम आहे, आणि खरं सांगतो, इथेच बहुतेक आवाज गेला, ॲक्युम्युलेटरचा खोका तेव्हा उघडलाही नव्हता.

आता ॲक्युम्युलेटर. छोटी टाकी आहे, पाऊण लीटरही नाही, आत रबराची पिशवी, एका बाजूला हवा आणि एका बाजूला पाणी. पंपाच्या पुढे, नळाकडच्या लाईनवर लावायची. ठोके ती हवा झेलते, नळाची धार सरळ येते, आणि बारीक धार सोडली की पंप जो चालू-बंद चालू-बंद करत राहतो ते थांबतं. पण हवेचं प्रेशर सेट करावं लागतं हे कोणी सांगत नाही. पंप बंद करा, नळ उघडून लाईन रिकामी करा, मग टायरच्या गेजने मोजा आणि पंप ज्या प्रेशरला चालू होतो तेवढं ठेवा, आमच्या पंपाचं साधारण 40. आता 40 ते 55 च्या मधे या टाकीतून पाणी किती मिळतं याचा हिशोब केला तर जेमतेम दीडशे मिली. म्हणजे बाबांचा ब्रश आणि चूळ पंप न वाजता होते, हे आम्हाला फार मोलाचं आहे, पण टॉयलेटचा फ्लश केला की पंप येणारच. पूर्ण शांतता मिळेल या आशेने घेणाऱ्याची निराशा होईल म्हणून तो एक स्टार कमी.

आणि एक, कळकळीने सांगतोय, पंपाला फोमच्या डब्यात बंद करू नका किंवा ब्लँकेट गुंडाळू नका. मोटर तापते, आतला थर्मल कटऑफ पंप बंद करतो आणि डोक्याला शाम्पू असताना पाणी जातं. सीटच्या दाराला आतून फोम लावा हवं तर, पंपाभोवती हवा खेळती राहू द्या.

ज्यांच्याकडे आपोआप स्पीड बदलणारा पंप आहे त्यांनी ॲक्युम्युलेटर घ्यायच्या आधी पंपाचं मॅन्युअल बघा, त्यांना सहसा तो चालत नाही. आणि थंडीत ट्रेलर उभा करणार असाल तर विंटराईझ करताना, म्हणजे गोठू नये म्हणून पाईपांतलं पाणी काढताना, ॲक्युम्युलेटरची टाकी पण रिकामी करा, पाणी गोठलं तर आतली पिशवी फाटते.