नोडचं नेट मॉड्यूल: सर्व्हर उठला नाही तर का नाही ते नीट सांगतं, फक्त ऐकायला कोणीतरी हवं

फोंड्याला मावशीच्या खानावळीत काउंटरवरची ऑर्डर किचनच्या स्क्रीनवर पोचवायला नोड जेएसच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) नेट मॉड्यूलवर, म्हणजे त्यातल्या नेटवर्क जोडणीच्या भागावर, लिहिलेला छोटा टीसीपी सर्व्हर आहे, बरेच महिने चालतोय म्हणून लिहितोय. एकदा चालू झाला की तक्रारच नाही, दुपारी थाळ्यांची गर्दी असली तरी ऑर्डर पटापट जातात. खरी परीक्षा असते ती चालू होतानाच, आणि पावसाळ्यात आमच्याकडे करंट इतका ये-जा करतो की ही परीक्षा रोजचीच.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, लिसन, म्हणजे सर्व्हरला एखाद्या पोर्टवर (कनेक्शन घ्यायच्या नंबरावर) ऐकायला बसवणारं फंक्शन, असिंक्रोनस आहे, म्हणजे त्याचा निकाल लगेच न येता मागाहून येतो. त्याच्याभोवती ट्राय-कॅच (एरर पकडायचा कोड) घातलं तरी पोर्ट अडल्याची एरर त्यात सापडत नाही, ती मागाहून 'एरर' इव्हेंट म्हणून येते आणि त्याला लिसनर (तो इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) लावलेला नसेल तर अख्खी प्रोसेसच बंद पडते. (पोर्ट नंबर 65535 च्या वर दिलात तर तेवढी एरर मात्र लगेच थ्रो होते.) नवीन शिकणाऱ्या पोरांना हे कोणी सांगतच नाही, 'सर्व्हर चालू झाला' असं कन्सोलवर छापलं की धडा संपला, याचा मला खरंच राग येतो.

लिसनर लावलात की मग जे हातात येतं ते एक नंबर. कोड, सिस्कॉल (सिस्टमची कोणती हाक फसली ते), अ‍ॅड्रेस, पोर्ट, सगळं त्या एरर ऑब्जेक्टमध्ये. आमच्याकडे करंट आला की पीसी लगेच उठतो, राउटरला वेळ लागतो, तोवर 192.168.1.10 हा आयपी पीसीला मिळालेलाच नसतो आणि सर्व्हर नेमका त्याच आयपीवर लिसन करायला जातो. कोड येतो ईअ‍ॅडरनॉटअव्हेल. इथे थोडं थांबून परत लिसन करायचं, हे बरोबर.

पण सर्व्हर चालू असतानाच काउंटरवरच्या पोराने घाईत परत आयकॉन दाबला तर येतो ईअ‍ॅडरइनयूज, म्हणजे पोर्ट आधीच घेतलेला आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये यावर एक सेकंद थांबून परत ट्राय करायचा नमुना दिलाय, तो आमच्यासारख्या ठिकाणी मला पटत नाही, दुसरी कॉपी उगाच मागे घुटमळत राहते. 'आधीच चालू आहे' असं दाखवून सरळ बाहेर पडावं. आणि ईअ‍ॅक्सेस आला, जो लिनक्सवर साध्या युजरने 1024 च्या खालचा पोर्ट मागितला की सहसा येतो, तर कितीही रिट्राय करा, उपयोग शून्य, पोर्ट बदला नाहीतर परमिशन द्या.

एक्सप्रेस (नोडवरचं वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांनो, व्हर्जन 5 पासून ही एरर लिसनला दिलेल्या कॉलबॅक फंक्शनमध्येच येते, तिथे ती आधी तपासा, नाहीतर पोर्ट अडलेला असतानाही 'चालू झाला' छापून येईल आणि किचनमध्ये ऑर्डरची वाट बघत बसतील.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो ट्राय-कॅचच्या त्या घोळासाठी, लिसनच्या माहितीत हे अजून ठळक लिहायला हवं होतं.