मृत्युपत्र ते प्रोबेट, वकिलासोबत: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहूनही कायद्याने चालते. स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीसुद्धा ऐच्छिक. मग वकिलाला फी कशासाठी द्यायची? आठ महिने हे काम अगदी पहिल्या यादीपासून प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याच्या, अर्जापर्यंत चालवल्यावर उत्तर स्पष्ट आहे: मसुद्यासाठी नाही. पैसे वसूल होतात ते वकिलाने मसुद्याआधी विचारलेल्या प्रश्नांत आणि सहीच्या दिवशी घेतलेल्या काळजीत. हे दोन टप्पे गाळून जो वकील दोन दिवसांत छापील मजकूर हातात देतो, त्याच्याकडून घेण्यासारखे फारसे काही नाही. हे सगळे भारतीय कायद्यापुरते आणि मुख्यतः हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांबद्दल आहे. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही. तिथे सल्लाही वेगळा लागतो.

पहिल्या बैठकीला जाताना मालमत्तेची यादी नेली तर निम्मे काम झालेले असते. फक्त 'एक फ्लॅट, दोन एफडी' असे लिहून भागत नाही. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: कोणाकोणाच्या नावावर आहे, कशी मिळाली, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे. 'कशी मिळाली' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. स्वकष्टार्जित मालमत्ता हवी त्याला देता येते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० प्रमाणे फक्त आपल्या हिश्शापुरते मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीही जन्मतः हिस्सेदार आहेत, हे गृहीत न धरता केलेली वाटणी पुढे कोर्टात अडकते. फ्लॅटच्या करारात पती-पत्नी दोघांची नावे असतील तर एकाच्या मृत्युपत्राने अख्खा फ्लॅट देता येत नाही, हेही याच टप्प्यावर लक्षात यायला हवे. नावातला फरक इथेच पकडावा: आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरे, शेअर सर्टिफिकेटवर तिसरे. मृत्युपत्रात 'उर्फ' लावून सगळी रूपे लिहिली की पुढची अनेक प्रतिज्ञापत्रे करावी लागत नाहीत.

नॉमिनेशनबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे किंवा शेअर ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितले, आणि कंपनीच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने अपवाद आला: आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ते लाभार्थी नॉमिनी ठरतात, रक्कम त्यांचीच. म्हणजे जुन्या पॉलिसीवर आईचे नाव राहिले आणि मृत्युपत्रात ती रक्कम पत्नीला लिहिली, तर मृत्युपत्राचा तिथे उपयोग होत नाही. गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरते सदस्य करून घेतात, कायदेशीर वारस सदस्य होईपर्यंत. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात, एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. चांगला वकील मृत्युपत्र आणि नॉमिनेशन शेजारी ठेवून जुळवतो. अनेक वकील हे करत नाहीत, आणि या सेवेतली ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. फॉर्म आपणच भरायचे असतात हे खरे, पण निदान विसंगतींची यादी त्यांनी द्यायलाच हवी.

आता सही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले हवे किंवा 'ही माझी सही' असे त्याच्या तोंडून ऐकलेले हवे, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही करायची. दोघे एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही, तरी एकत्रच बसवावे. पुढे उलटतपासणीत दोन वेगळ्या हकिगती निघत नाहीत. मृत्यूनंतर मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार, तो हयात आणि उपलब्ध असेल तर, न्यायालयापुढे यावा लागतो. म्हणून साक्षीदार मृत्युपत्रकर्त्यापेक्षा वयाने लहान, पत्ता टिकणारा आणि काहीही न मिळणारा निवडावा. ज्याला हिस्सा मिळतो त्याची किंवा त्याच्या जोडीदाराची साक्ष टाळावी. ख्रिस्ती किंवा पारशी मृत्युपत्रात तर अशा साक्षीने ते दानच रद्द होते. हिंदूंना तो नियम लागू नाही, पण संशयाला जागा मिळते ती मिळतेच.

हा संशय काय असतो ते सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात नीट मांडले आहे: थरथरती सही, खालावलेली बुद्धी, कारण न देता जवळच्यांना वगळणे, ज्याचा फायदा त्यानेच मृत्युपत्र करून घेण्यात पुढाकार घेणे. असे काही असेल तर शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. म्हणून एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कारण एका वाक्यात लिहावे, कडवट न होता. वय जास्त असेल तर त्याच दिवसाच्या तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. आठवडाभर आधीचा दाखला कमकुवत ठरतो. प्रत्येक पानावर सही हवी. नंतर पेनने केलेली खाडाखोड पुन्हा साक्षीदारांच्या सह्यांशिवाय निरुपयोगी असते. बदल हवा तर पुरवणी मृत्युपत्र किंवा सरळ नवे.

मसुद्यात दोन कलमे आहेत का ते स्वतः वाचून पाहा. एक, 'यात न लिहिलेली उरलेली सर्व मालमत्ता अमुकला'. हे नसेल तर नंतर घेतलेली प्रत्येक वस्तू वारसा कायद्याने जाते, आणि तिथे मुलाच्या मालमत्तेत त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. दोन, लाभार्थी आधी गेला तर त्याचा हिस्सा कोणाला.

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमलाच पाहिजे. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. नेमला नसेल तर मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागावे लागते आणि त्यात बंधपत्र भरण्याची भर पडते.

नोंदणीने मृत्युपत्र खरे ठरत नाही. साक्षीदार तरीही लागतोच. तिचा खरा फायदा म्हणजे कागद हरवत नाही. मृत्युपत्राला नोंदणीची मुदत नसते, आणि नोंदलेल्या मृत्युपत्राची प्रत कर्ता हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाही. एवढ्यासाठी दुय्यम निबंधकांकडे एक चक्कर मारावी.

प्रोबेटची सक्ती आता उरलेली नाही. मुंबई, चेन्नई आणि कोलकाता उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रात हिंदूंच्या मृत्युपत्रावर हक्क सांगायला प्रोबेट लागेच, ते १९२५ च्या अधिनियमाच्या कलम २१३ मुळे. २०२५ च्या निरसन व सुधारणा कायद्याने ते कलम वगळले. जुन्या सल्ल्यावर चालणारा वकील अजूनही 'मुंबईत आहे, करावेच लागेल' म्हणत असेल तर त्याला हे विचारा. सक्ती गेली तरी सोय राहिली आहे. वारसांत कुरबूर असेल किंवा मृत्युपत्र नोंदलेले नसेल, तर प्रोबेट घेणे मला शहाणपणाचे वाटते, कारण मृत्युपत्र खरे असल्याचा तो निर्णय सगळ्यांनाच बांधतो. मात्र मालकी कोणाची हे प्रोबेट न्यायालय ठरवत नाही. फ्लॅट मुळात मृत्युपत्रकर्त्याचा नव्हता, हा वाद प्रोबेटने मिटत नाही, त्यासाठी वेगळा दावा लागतो.

प्रोबेटचा अर्ज मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय मंजूर होत नाही. लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनला चौदा दिवस. तीन वर्षांनंतर गेलात तर उशिराचे कारण द्यावे लागते. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र, सर्व वारसांची नावे-पत्ते, आणि मालमत्ता व देणी यांची किमतीसह परिशिष्टे जातात. काम रखडते ते वारसांच्या पत्त्यावर. ज्यांनी संमतीचे प्रतिज्ञापत्र दिले नाही त्यांना सायटेशन, म्हणजे न्यायालयाची नोटीस, बजावावी लागते. परदेशातला भाचा किंवा संपर्क तुटलेली बहीण असेल तर महिने इथेच जातात. म्हणून संमतिपत्रे अर्जाआधी गोळा करावीत. कोणी कॅव्हेट ('मला ऐकल्याशिवाय मंजुरी देऊ नका' असा अर्ज) आणि हरकत दाखल केली की साध्या अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे सुरू होतात, आणि मग वेळेचा अंदाज कोणीच देऊ शकत नाही. फी ठरवताना हीच रेषा कागदावर आखून घ्या: हरकत नसताना किती, दावा झाल्यास किती, कोर्ट फी यात की वेगळी, कोर्टाच्या कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दूर करण्याचे काम यात धरले आहे का. शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण पान क्रमांक, भाषांतर, नावातले अक्षर अशा त्रुटींसाठी फाइल कित्येकदा परत येते.

प्रोबेट हाती आले की बहुतेक वकील फाइल बंद करतात. काम मात्र संपलेले नसते: १९२५ च्या अधिनियमाच्या कलम ३१७ प्रमाणे एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो. या दोन तारखा फी ठरवतानाच करारात लिहून घ्या, आणि फेरफार, सोसायटीतील हस्तांतर व डीमॅट बदली कोण करणार हेही त्याखाली लिहा.