ब्रेकच्या कामात मी फसलो, तुम्ही फसू नका म्हणून लिहितोय

माझी २०१८ची केटीएम ड्यूक ३९० बाईक आहे, पुढे ३२० मिमीची डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर बायब्रेचा, बायब्रे म्हणजे ब्रेम्बो या ब्रेकवाल्या कंपनीचाच लहान गाड्यांसाठीचा ब्रँड. पावसाळ्याआधी ब्रेकचं सगळं काम उरकावं म्हणून पुण्यातल्या एका परफॉर्मन्स पार्टवाल्याकडे गेलो. दुकान चकाचक, पोरगा गोडबोल्या. "दादा, कॅलिपर त्यांचा आहे तर पॅडपण त्यांचेच टाका, सिंटर्ड, घाटात बिनधास्त." सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी तापवून-दाबून बनवलेले. मग म्हणाला डिस्कपण संपलीय, आणि मी माप न बघता हो म्हणालो. पॅड ३,६००, डिस्क ६,२००, ब्रेक ऑइल ८००, मजुरी ७००, झाले ११,३००. बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. जुनी डिस्क तेवढी मागून घेतली, तो म्हणत होता भंगार कशाला नेताय, पण नेली.

शहरात आठ दिवस काहीच जाणवलं नाही. मग ताम्हिणीतून माणगावला बहिणीकडे निघालो, मागे धाकटा भाऊ. उतारावर चार-पाच वळणं झाली आणि जळका वास यायला लागला, लिव्हर कडक लागतोय पण गाडी थांबेना, आणि त्याच्या पुढच्या वळणाला तर लिव्हर मऊ होऊन सरळ ग्रिपला टेकला. मागचा ब्रेक, गिअर खाली, आणि गाडी कडेच्या मुरमात घातली म्हणून थांबली. भावाने माझं जॅकेट इतकं घट्ट धरलं होतं की त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो काही बोललाच नाही, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

तासभर गाडी थंड केली, हळूहळू उतरलो. माणगावात एका वयस्कर मेकॅनिक काकांनी कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून पाना फिरवला. "ऑइल बदललंय म्हणता ना? हे बघा." हँडलवरच्या डबीच्या काचेत स्वच्छ सोनेरी ऑइल दिसत होतं आणि नळीतून येत होतं उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं, त्यात काळे कण. म्हणजे त्या पोराने फक्त वरच्या डबीतलं सिरिंजने काढून नवीन भरलं होतं, खालच्या लाइनमधलं जुनंच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरलं की तोच आकडा १५५च्या आसपास येऊ शकतो, मग आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते त्यामुळे पिस्टनपर्यंत जोर पोचतच नाही. लिव्हर मऊ पडला तो यामुळे. आधी लिव्हर कडक असून गाडी थांबत नव्हती, तो दोष पॅडचा.

पॅड काढून काकांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडले. सिंटर्ड असते तर आत तांबूस धातू चमकला असता, इथे नुसती काळी भुकटी पडली, आणि एका पॅडचं मटेरियल कडेने पत्र्यापासून सुटलं होतं, फटीत माझं नख जात होतं. डब्यावर एचएच छापलेलं, तो पकडीचा दर्जा, पहिलं अक्षर थंडपणीच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या, पण पॅडच्या पाठीवर तसलं काही कोरलेलंच नाही. मी बसवताना डबा बघितला, पॅड पालथा करून बघितलाच नाही.

घरी येऊन जुनी डिस्क व्हर्नियरने मोजली. डिस्कवर कमीतकमी जाडी कोरलेली असते, माझी अजून त्याच्या वर होती. म्हणजे ६,२०० रुपये कशाचे?

दुकानात गेलो तर म्हणे तुम्ही उतारावर ब्रेक दाबून धरला असणार, आणि हे पॅड आमच्याकडचेच कशावरून? पक्कं बिल नाही तिथे मी काय दाखवणार. आता यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी आणि पॅडचे फोटो जोडून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय. तुम्ही काम करून घेताना नळी लावून ऑइल खालून निघताना बघा, स्वच्छ येईपर्यंत हलू नका, डिस्क समोर मोजायला लावा, आणि जीएसटीचं बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुनी डिस्क परत बसवलीय, पॅड अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून घेतले. भाऊ अजून मागे बसायला तयार नाही, मीही आग्रह करत नाही.